अल्डिहाइडच्या लिक्विड फेज ऑक्सिडेशनमध्ये चिकटा का धरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव आणि तळोजा या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम प्लँटमधून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय एकच: अल्डिहाइडमध्ये हवा सोडून, कॅटॅलिस्ट वापरून अ‍ॅसिड करायचं असतं, आणि बॅच उतरवताना बॉटम व्हॉल्व्हमधून अ‍ॅसिडसोबत डिंक (हाच चिकटा, बहुतेकदा पॉलिमर) बाहेर येतो. प्रश्न क्रमाने वाचले पाहिजेत असं नाही. लाइट जाऊन बॅच आत अडकली असेल तर थेट प्रश्न १६ वर जा.

१. करायचं असतं अ‍ॅसिड. मग पॉलिमर येतं कुठून?

वाटा निदान तीन आहेत, आणि त्यांची सरमिसळ केल्यानेच बहुतेक उपाय फसतात.

पहिली वाट रॅडिकलची (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, चटकन भिडणारा रेणूचा तुकडा). अल्डिहाइडमधला हायड्रोजन निघाला की असाइल रॅडिकल तयार होतो, तो ऑक्सिजन पकडून परॉक्सी रॅडिकल होतो आणि पुढे परअ‍ॅसिड. परअ‍ॅसिड दुसऱ्या अल्डिहाइडशी भिडलं की अ‍ॅसिडचे दोन रेणू मिळतात. इथवर सगळं हवं तसंच. पण रेणूत दुहेरी बंध असेल (अ‍ॅक्रोलिन, मेथाक्रोलिन आणि त्यांची अ‍ॅसिडं), तर हेच रॅडिकल त्या बंधावर जाऊन साखळी वाढवतात.

दुसरी वाट अल्कलीची किंवा अमाइनची. अल्डिहाइड गटाशेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असेल तर अल्डॉल कंडेन्सेशन होतं, त्यातून पाणी सुटतं आणि पुढे पिवळं-तपकिरी रेझिन बनतं. अ‍ॅक्रोलिनमध्ये तिथला हायड्रोजन दुहेरी बंधावरचा असल्याने तसा निघत नाही. तरीही अल्कली लागली की ते आयनिक मार्गाने जोरात पॉलिमराइज होतं.

तिसरी वाट तीव्र अ‍ॅसिडची: अ‍ॅसिटाल्डिहाइडचं पॅराल्डिहाइड, आयसोब्युटिराल्डिहाइडचा स्फटिकी ट्रायमर. ही खरी पॉलिमरं नव्हेत, पण हिशेबात अल्डिहाइड गायब दिसतं ते यांच्यामुळे.

२. आमच्या अल्डिहाइडला धोका किती?

अ‍ॅक्रोलिन सगळ्यात वाईट. ५३ अंशांना उकळतं, रॅडिकल, अल्कली आणि तीव्र अ‍ॅसिड अशा तिन्हींनी पॉलिमराइज होतं, आणि कामाच्या जागी हवेत त्याची कमाल मर्यादा ०.१ पीपीएम आहे. मेथाक्रोलिन थोडं सोसतं, पण वर्ग तोच. अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि एन-ब्युटिराल्डिहाइड यांना दुहेरी बंध नसल्याने रॅडिकलने साखळी होत नाही. त्यांचं दुखणं अल्डॉलचं. मात्र अल्डॉलमधून निघालेल्या क्रोटोनाल्डिहाइडला किंवा २-एथिलहेक्झेनॅलला दुहेरी बंध असतो, त्यामुळे दुसरी वाट संपते तिथे कधी कधी पहिली सुरू होते. फर्फुरालला अ‍ॅसिड आणि हवा एकत्र मिळाली की काळं रेझिन ठरलेलं. बेंझाल्डिहाइडला अल्डॉलही नाही आणि साखळीही नाही. त्याच्या बॅचमध्ये घट्ट पदार्थ दिसला तर प्रश्न १८ पाहा.

३. चिकटा कुठल्या जातीचा आहे हे प्लँटच्या लॅबमध्ये कसं ओळखायचं?

आधी रंग आणि पोत पाहा. पांढरट, रबरासारखं, द्रावकात फुगणारं असेल तर साखळी पॉलिमर. पिवळं ते विटकरी, चिकट, एसीटोनमध्ये विरघळणारं असेल तर अल्डॉल रेझिन.

द्रवात विरघळलेलं पॉलिमर डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडसाठी सोपी चाचणी अशी: १० मिली कोरड्या टोल्युइनमध्ये १ मिली नमुना टाकून हलवा. मोनोमर (सुटा, न जोडलेला रेणू) टोल्युइनमध्ये मिसळतो, पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड मिसळत नाही, म्हणून दुधाळपणा येतो. नमुन्यात पाणी असेल तर पाण्यानेही दुधाळ होतं. तेव्हा तितकंच पाणी घातलेल्या ताज्या अ‍ॅसिडचा कोरा नमुना शेजारी धरूनच निकाल द्या. मिथेनॉलची चाचणी इथे लावू नका. ती मिथाइल मेथाक्रिलेटची आहे. पॉलिअ‍ॅक्रिलिक आणि पॉलिमेथाक्रिलिक अ‍ॅसिड मिथेनॉलमध्ये विरघळतात, त्यामुळे स्वच्छ नळी पाहून खोटा दिलासा मिळतो.

आकडा हवा असेल तर ५ ग्रॅम नमुना व्हॅक्यूमखाली ६० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि उरलेल्या वजनातून कॅटॅलिस्टचा क्षार व इनहिबिटर (पॉलिमर रोखणारं रसायन) वजा करा. नमुन्यात आधी थोडं फेनोथायाझिन (हाही एक इनहिबिटर) टाकायला विसरू नका, नाहीतर सुकवतानाच पॉलिमर बनतं आणि तेच मोजलं जातं.

४. इनहिबिटर टाकला की प्रश्न मिटला ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

तुमचा कॅटॅलिस्ट मँगनीज किंवा कोबाल्ट अ‍ॅसिटेट असेल तर ऑक्सिडेशनच रॅडिकल साखळीने चालतं. इनहिबिटर पॉलिमरची साखळी तोडतो तशी ऑक्सिडेशनचीही तोडतो. बॅच उठत नाही (प्रक्रिया सुरूच होत नाही), ऑपरेटर तापमान वाढवतो, अल्डिहाइड साचतं, इनहिबिटर संपल्यावर सगळं एकदम सुटतं. अशा प्रक्रियेत पॉलिमर आवरायचं ते ऑक्सिजन, तापमान आणि फीडच्या, म्हणजे अल्डिहाइड आत सोडण्याच्या, वेगाने (प्रश्न ६, ७, ९). इनहिबिटर लागलाच तर बॅच संपल्यावर, डिस्टिलेशनच्या आधी.

कॅटॅलिस्ट पॅलेडियम किंवा प्लॅटिनम असेल तर गोष्ट उलटी. तिथे अल्डिहाइड आधी पाण्याशी जुळून हायड्रेट बनतं आणि धातूच्या पृष्ठभागावर त्यातला हायड्रोजन काढला जातो. मोकळ्या रॅडिकलची गरज नसल्यामुळे इनहिबिटर घालून ऑक्सिडेशन चालवता येतं. अ‍ॅक्रोलिन किंवा मेथाक्रोलिनसाठी द्रव अवस्थेत जायचंच असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा.

आणि अल्डॉलवर कुठलाही रॅडिकल इनहिबिटर काहीही करत नाही. अ‍ॅक्रोलिनच्या ड्रममध्ये ०.१ ते ०.२% हायड्रोक्विनोन असतं. त्यात चमचाभर कॉस्टिक (सोडा, म्हणजे अल्कली) गेलं तर ते हायड्रोक्विनोन तुम्हाला वाचवणार नाही.

५. कुठला इनहिबिटर आणि किती?

एमईएचक्यू (हायड्रोक्विनोनचा मोनोमिथाइल ईथर): बाजारातल्या अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडमध्ये साधारण २०० पीपीएम असतं, म्हणजे ५०० किलोला १०० ग्रॅम. विरघळलेला ऑक्सिजन नसेल तर जवळपास निकामी. कार्बन रॅडिकल आधी ऑक्सिजनला भिडून परॉक्सी रॅडिकल होतो आणि एमईएचक्यू पकडतं ते त्या परॉक्सी रॅडिकलला. ऑक्सिजनच नसेल तर पकडायला काही उरत नाही.

हायड्रोक्विनोन: तेच तत्त्व. पॅलेडियम आणि हवा असताना ते स्वतः बेंझोक्विनोनमध्ये ऑक्सिडाइज होतं. क्विनोनही थोडंफार काम करतं, पण माल पिवळा पडतो. सगळा डोस सुरुवातीला घालू नका. अर्धा चार्जिंगला आणि उरलेला दोन-तीन हप्त्यांत द्या, शिल्लक एचपीएलसीवर (द्रवातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) पाहत राहा.

फेनोथायाझिन: ऑक्सिजनशिवाय चालतं, म्हणून डिस्टिलेशनला आणि आणीबाणीला उत्तम. त्यात गंधक आहे, आणि गंधक पॅलेडियमला मानवत नाही. कॅटॅलिस्ट गाळून काढायच्या आधी टाकू नका.

टेम्पो आणि ४-हायड्रॉक्सी टेम्पो: कार्बन रॅडिकलला थेट पकडतात, गंधक नाही, ऑक्सिजनची अट नाही. तीव्र अ‍ॅसिडमध्ये त्यांची मोडतोड होते, आणि महाग आहेत. पॅलेडियमच्या प्रक्रियेत आमची पसंती यांनाच.

६. ऑक्सिजनमुळे पॉलिमर वाढतं की थांबतं? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही खरं आहे, फक्त जागा वेगळ्या. द्रवात पुरेसा ऑक्सिजन विरघळलेला असेल तर वाढणारी साखळी तो लगेच थांबवतो. आणि तोच ऑक्सिजन परॉक्साइड, परअ‍ॅसिड बनवतो, जे पुढे तापमान मिळालं की रॅडिकल सोडतात. पॉलिमर होतं ते जिथे परॉक्साइड पोचलं पण ऑक्सिजन पोचला नाही अशा जागी: स्पार्जरपासून (द्रवात हवा सोडणाऱ्या छिद्रांच्या नळीपासून) दूरचा कोपरा, बाहेरच्या हीट एक्स्चेंजरचा लूप, सॅम्पल लाइन, लेव्हल गेजची नळी, बंद व्हॉल्व्हमागचा तुकडा. चिकटा पहिल्यांदा कुठे दिसला हे विचारा. याच यादीतली जागा निघाली तर रसायन बदलण्याआधी पाइपिंग बदला.

आणखी एक खूण ऑफ-गॅसमध्ये (बाहेर पडणाऱ्या वायूत) सापडते. ऑक्सिजन कमी पडला की असाइल रॅडिकलला ऑक्सिजन भेटत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. तापमान जास्त असेल तर जास्तच. ऑफ-गॅसमध्ये सीओ चढू लागला तर कुठेतरी उपासमार चालू आहे. पॅलेडियमला हा सीओ वेगळा जाचतो, कारण तो पृष्ठभागावर घट्ट बसतो.

७. ५०० किलो मेथाक्रोलिनला हवा किती लागेल?

एका मोल अल्डिहाइडला अर्धा मोल ऑक्सिजन. मेथाक्रोलिनचा रेणुभार ७०, म्हणून ५०० किलो म्हणजे ७.१ किलोमोल. ऑक्सिजन ३.६ किलोमोल, म्हणजे ११४ किलो. हवेत तो २१%, त्यामुळे साधारण ३८० नॉर्मल घनमीटर हवा. बॅच आठ तासांची असेल आणि सोडलेल्या ऑक्सिजनपैकी ८०% वापरला जात असेल तर ताशी ६० घनमीटर धरा.

याच हिशेबातून एक फुकटचं मोजमाप मिळतं. ८०% ऑक्सिजन शोषला गेला तर वेंटमध्ये सुमारे ५% दिसतो. तिथे आकडा त्याहून चढू लागला तर शोषण घसरलंय. आजिटेटरचे (ढवळणीचे) आरपीएम, स्पार्जरची चोक झालेली छिद्रं आणि कॅटॅलिस्ट, याच क्रमाने तपासा. स्पार्जरच्या छिद्रांवर पॉलिमर धरलं की बुडबुडे मोठे होतात, शोषण आणखी घटतं, पॉलिमर आणखी वाढतं.

उष्णतेचाही हिशेब करून ठेवा. अल्डिहाइडचं अ‍ॅसिड होताना मोलमागे साधारण २९० किलोज्यूल सुटतात. म्हणजे वरच्या बॅचला सुमारे २०.७ लाख किलोज्यूल, आठ तासांत विभागले तर ७२ किलोवॅट. पाच अंशांचा फरक धरला तर जॅकेटमधून ताशी साधारण १२ घनमीटर पाणी फिरलं पाहिजे. ते फिरत नसेल तर फीड हळू करा.

८. वेंटमध्ये ऑक्सिजन किती चालेल?

हा पॉलिमरचा नाही, आगीचा प्रश्न आहे. नायट्रोजनने पातळ केलेल्या बहुतेक सेंद्रिय वाफा पेटायला साधारण १० ते १२% ऑक्सिजन लागतो. तापमान आणि दाब वाढला की ही मर्यादा खाली सरकते. अ‍ॅसिटाल्डिहाइड हवेत ४% पासून पेटू शकतं, अ‍ॅक्रोलिन २.८ पासून. म्हणून ५-६% वर अलार्म आणि ८% च्या आत हवा आपोआप बंद होऊन हेडस्पेसमध्ये (द्रवाच्या वरच्या रिकाम्या जागेत) नायट्रोजन, अशी इंटरलॉक हवी. नेमके आकडे तुमच्या दाब-तापमानाच्या अभ्यासातून ठरवा, शेजारच्या प्लँटचे उचलू नका.

९. पॉलिमर टाळायला तापमान कमी ठेवलं तर?

दुहेरी बंध असलेल्या अल्डिहाइडला, पॅलेडियमवर, हो. मँगनीजच्या प्रक्रियेत जपून. तिथे तापमान फार उतरवलं तर परअ‍ॅसिडचा पुढचा टप्पा मंदावतो आणि परअ‍ॅसिड साचत जातं. अ‍ॅसिटाल्डिहाइडचं ऑक्सिडेशन ५० ते ८० अंशांच्या दरम्यान चालवतात त्यामागे हेही एक कारण आहे. दर तासाला पोटॅशियम आयोडाइड टायट्रेशनने परॉक्साइड काढा. आकडा सलग तीन वेळा चढला तर फीड थांबवा. जॅकेट आणखी गार करून मात्र प्रश्न वाढेल.

१०. सुरुवातीला बॅच तासभर उठत नाही आणि मग एकदम पळते. का?

फीडमध्ये कुठलातरी इनहिबिटर शिल्लक आहे, किंवा मँगनीज-कोबाल्ट अजून वरच्या ऑक्सिडेशन अवस्थेत गेलेलं नाही. सगळं अल्डिहाइड आधी चार्ज करून हवा सोडण्याची सवय बंद करा. आधीच्या बॅचचं अ‍ॅसिड किंवा द्रावक तळाला घ्या, त्यात कॅटॅलिस्ट, मग एकूण अल्डिहाइडच्या ५% इतकं टाकून हवा सुरू. ऑक्सिजन शोषला जातोय आणि जॅकेटवर भार येतोय हे दिसल्याशिवाय पुढचं फीड नाही.

शिवाय कॉम्प्रेसरकडे बघा. तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या ऑइलमध्ये फिनॉलिक किंवा अमाइन जातीचे अँटिऑक्सिडंट असतात. फिल्टर बदललेला नसेल तर तेच हवेबरोबर रिअ‍ॅक्टरमध्ये जातात आणि बॅच दाबून धरतात.

११. एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये आधी कार्डॅनॉल रेझिन आणि नंतर ऑक्सिडेशन घेतलं तर चालेल का?

शक्यतो नको. कोकणात काजूच्या टरफलाच्या तेलापासून कार्डॅनॉल आणि त्याची फॉर्माल्डिहाइड रेझिनं करणारे बरेच आहेत, त्यामुळे मल्टिपर्पज ब्लॉकमध्ये हा प्रसंग येतोच. तिथे फिनॉल आणि अल्डिहाइड जुळून रेझिन व्हावं हीच इच्छा असते. इथे तोच उरलेला कार्डॅनॉल दोन प्रकारे आडवा येतो: फिनॉल असल्याने मँगनीज-कोबाल्टचं ऑक्सिडेशन दाबतो, आणि अ‍ॅसिड असेल तर अल्डिहाइडशी रेझिन करतो. पर्याय नसेल तर गरम द्रावकाने रिफ्लक्स वॉश द्या, आजिटेटरचं सील आणि बॉटम व्हॉल्व्ह उघडून पुसा, शेवटच्या धुण्यात फिनॉल लागत नाही हे लॅबकडून लेखी घ्या. मग प्रश्न १२ ची पाळी.

१२. रिअ‍ॅक्टर कॉस्टिकने चकचकीत धुतला, आणि पुढचीच बॅच लाल झाली.

धुण्यानेच ती लाल झाली. जॅकेटच्या वेल्डमागे, डिप पाइपमध्ये, गास्केटच्या कडेला राहिलेलं कॉस्टिक अल्डॉलला पुरेसं असतं. कॉस्टिकनंतर पाण्याने पीएच ७ येईपर्यंत धुवा, मग १% अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या पाण्याचं एक सर्क्युलेशन सगळ्या नोझल, पंप आणि लूपसकट द्या, आणि पीएच बॉटमला नव्हे तर लूपच्या शेवटच्या टोकाला तपासा.

कॉस्टिक वापरलं नाही तरी बॅच लाल झाली, तर थेट वाफ सोडता का ते पाहा. बॉयलरच्या पाण्यात गंजरोधक म्हणून मॉर्फोलीन किंवा सायक्लोहेक्झिलअमाइन घातलेलं असेल तर ते वाफेबरोबर येतं. अल्डिहाइड स्ट्रिप करायला अशी वाफ वापरली की अमाइन थेट अल्डिहाइडमध्ये.

१३. रिअ‍ॅक्टर स्वच्छ असतो, पण कंडेन्सर आणि वरची नोझल चोक होतात.

इनहिबिटर उडत नाही, मोनोमर उडतो. वर घनरूप होणारा थेंब इनहिबिटरशिवायचा असतो, आणि तो रिअ‍ॅक्टरच्या डोमवर, मॅनहोलच्या खोबणीत, रप्चर डिस्कखाली (दाब वाढल्यावर फुटून वाट देणाऱ्या चकतीखाली) लोंबकळत बसतो. शेवटची जागा खरी भीतीची. डिस्कखाली चार बोटं पॉलिमर असेल तर ती डिस्क फुटूनही उपयोग नाही.

दोन उपाय एकत्र करा. डोम आणि छोट्या नोझलना हलकं ट्रेसिंग (बाहेरून ऊब) द्या, म्हणजे वाफ तिथे थिजणार नाही. कंडेन्सरच्या वरच्या ट्यूबशीटवर त्याच द्रावकात विरघळवलेल्या इनहिबिटरचा बारीक स्प्रे सतत ठेवा. रप्चर डिस्कच्या तळाशी थोडी हवा-नायट्रोजनची झुळूक ठेवता आली तर फारच चांगलं (ऑक्सिजनची मर्यादा प्रश्न ८ प्रमाणे). डिस्क प्रत्येक शटडाउनला काढून बघायची. बाहेरून ठीक दिसते हे कारण चालणार नाही.

१४. मे महिन्यात आणि पावसात त्रास वाढतो. हवेचा संबंध आहे का?

आहे. मेमध्ये किनारपट्टीवर दमटपणामुळे कूलिंग टॉवरचं पाणी ३० अंशांच्या खाली सहसा येत नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइड २० अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा टॉवरच्या पाण्यावर त्याचा वेंट कंडेन्सर चालवणं म्हणजे ते वेंटमधून सोडून देणं. ब्राइन (गार केलेलं खारं पाणी) लागणारच.

दुसरं, ड्रम. पत्र्याच्या शेडखाली उन्हात ठेवलेलं आणि एकदा उघडलेलं अल्डिहाइड हवेने आपोआप ऑक्सिडाइज होतं, त्यात परॉक्साइड आणि परअ‍ॅसिड साचतात, आणि तुमच्या बॅचचा इनिशिएटर गेटमधूनच आत येतो. प्रत्येक ड्रमची अ‍ॅसिड व्हॅल्यू आणि परॉक्साइड चार्जिंगच्या दिवशी काढा. पुरवठादाराचं सर्टिफिकेट ड्रम भरला त्या दिवसाचं असतं.

तिसरं, खारी हवा. इन्शुलेशनखाली क्लोराइडने ३०४ स्टील पिचतं, फ्लँज-बोल्टचा गंज आत उतरतो. लोहाचे आयन परॉक्साइड फोडून रॅडिकल सोडतात. ओले भाग ३१६एल ठेवा, आणि गंजलेल्या तोंडाच्या ड्रममधून पंपाने ओढताना गाळणी लावा.

१५. पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट चार बॅचमध्ये थकला. पॉलिमरने की विषाने?

तीन शक्यता आहेत. हवा पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून, नायट्रोजनखाली, अल्डिहाइड असतानाच ढवळा. गती परत आली तर पृष्ठभाग ऑक्सिजनने झाकला गेला होता. हवा जास्त होती, कमी करा. परत आली नाही, पण गाळायला नेहमीपेक्षा वेळ लागतो आणि सुकवलेल्या नमुन्याचं वजन वाढलंय, तर पॉलिमरचा थर. गरम द्रावकाने धुऊन थोडाफार सुटतो, पूर्ण नाही. दोन्ही नसेल तर गंधक शोधा, आणि सुरुवात स्टोअरमधल्या फेनोथायाझिनच्या डब्यापासून करा (प्रश्न ५). वापरलेला कॅटॅलिस्ट फिल्टरवर सुकू देऊ नका. द्रावकाची वाफ आणि हवा मिळाली की कार्बनवरचं पॅलेडियम पेट घेतं. पाण्याने ओला ठेवूनच ड्रममध्ये भरा.

१६. लाइट गेली, आजिटेटर बंद, जॅकेट बंद, आत अ‍ॅक्रोलिन-अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडची बॅच. आधी काय करायचं?

आधी अल्डिहाइडचं फीड बंद, मग हवा बंद. दोन्ही व्हॉल्व्ह लाइट गेली की आपोआप बंद होणारे असायला हवेत.

पुढची पायरी पेचाची आहे. आगीसाठी हेडस्पेसमध्ये नायट्रोजन हवा. तोच नायट्रोजन स्पार्जरमधून सोडला तर द्रवातला ऑक्सिजन निघून जातो आणि एमईएचक्यू आंधळं होतं. म्हणून नायट्रोजन वरून, फक्त हेडस्पेसमध्ये. द्रवात नाही.

मग शॉर्टस्टॉप, म्हणजे पॉलिमरची साखळी तिथेच तोडणारा डोस. फेनोथायाझिनचं तयार द्रावण वेगळ्या छोट्या भांड्यात, नायट्रोजन सिलिंडरच्या दाबाखाली, विजेशिवाय रिअ‍ॅक्टरमध्ये ढकलता येईल असं कायम जोडलेलं हवं. मात्रा टनाला १ किलो धरा. द्रावक एसीटोन नको. ५६ अंशांना उकळणारा द्रव गरम रिअ‍ॅक्टरमध्ये ढकलला तर दाबच वाढेल. प्रक्रियेतलाच जड द्रावक घ्या. द्रावण आत गेल्यावर मिसळायला हवं आणि आजिटेटर बंद आहे, तेव्हा आता मात्र स्पार्जरमधून थोडा वेळ नायट्रोजन सोडा. फेनोथायाझिनला ऑक्सिजन लागत नाही, म्हणून हा क्रम चालतो. उलट क्रम चालत नाही. शॉर्टस्टॉप दिला की कॅटॅलिस्ट गेला असं समजा. त्याची हळहळ नंतर करा.

तापमान दर पाच मिनिटांनी लिहा. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड पॉलिमराइज होताना किलोमागे सुमारे १०७० किलोज्यूल देतं. म्हणजे फक्त १% पॉलिमर झालं तरी तापमान साधारण ५ अंशांनी चढतं. बाहेरून उष्णता नसताना चढण्याचा वेग वाढत असेल तर माणसं बाहेर काढा. त्यावेळी व्हॉल्व्ह फिरवायला कोणी वर जायचं नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरासारखा दिवस कोकणात पुन्हा येऊ शकतो हे धरूनच हे भांडं आणि त्याचा सिलिंडर तळमजल्यावर ठेवू नका.

१७. थोडासा पांढरा खरखरीत खडा राहिला आहे, पुढची बॅच घेतली तर चालेल का?

नाही. हा पॉपकॉर्न पॉलिमर असू शकतो. आडव्या जोडणीचा, कशातही न विरघळणारा. त्याच्या पोटात जिवंत रॅडिकल अडकलेले असतात आणि आजूबाजूचा मोनोमर शोषून तो आतून वाढतो. द्रवातला इनहिबिटर तिथे पोचत नाही. भांड्याच्या कडेला राहिलेल्या विरजणाने पुढचं दूध लागावं तसं, चण्याएवढा खडा पुढच्या बॅचला पुरतो. वाढता वाढता तो ट्यूब वाकवतो, फ्लँज उचलतो. शेवटचा कणही हाताने किंवा वॉटर जेटने काढायचा.

बाकीचं साखळी पॉलिमर असेल तर ५ ते १० टक्के कॉस्टिक ७०-८० अंशांना फुगवून विरघळवतं. मात्र आधी अल्डिहाइड पूर्ण निघालंय याची खात्री करा (कारण प्रश्न ४ च्या शेवटी), आणि ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टर असेल तर हे करूच नका. गरम कॉस्टिक काच खातं. तिथे वॉटर जेट. छिन्नी नाही.

मॅनहोलमधून आत उतरताना परमिट, सगळ्या लाइनला ब्लाइंड (वाट बंद करणारी चकती), ऑक्सिजन १९.५ ते २३.५%, ज्वलनशील वाफ किमान मर्यादेच्या १०% च्या खाली, बाहेर राखणदार. अशा भांड्यात उतरण्याच्या खबरदारीचं कलम (३६) कारखाने अधिनियम १९४८ मध्येही होतं. नियमात न लिहिलेली गोष्ट अशी: पॉलिमरच्या गोळ्यात मोनोमर अडकलेला असतो. सकाळी मोजलेली हवा दुपारी, गोळे फोडल्यावर, तशी राहत नाही. मोजमाप सतत चालू ठेवा.

१८. बेंझाल्डिहाइडच्या बॅचमध्ये लाइन घट्ट बसली. पॉलिमरच ना?

बहुधा बेंझोइक अ‍ॅसिडचे स्फटिक. ते १२२ अंशांना वितळतं. खडा सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात टाका. बुडबुडे येऊन विरघळला तर अ‍ॅसिड. लाइन ट्रेस करा, इनहिबिटरचा खर्च वाचला.

१९. काढलेलं पॉलिमर आणि धुण्याचं पाणी कुठे टाकायचं?

घट्ट पॉलिमर घातक कचरा म्हणून तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रासारख्या परवानाधारक ठिकाणी, २०१६ च्या नियमांतल्या फॉर्म १० मॅनिफेस्टसह. आवारात साठवण ९० दिवसांच्या आत.

कॉस्टिकने विरघळवलेलं पाणी सरळ ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) सोडू नका. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट गाळ तरंगता ठेवतं, प्रायमरी क्लॅरिफायर दिवसभर गढूळ राहतो. चुना घातला की कॅल्शियम क्षार होऊन बराचसा खाली बसतो. अ‍ॅक्रोलिन असलेलं पाणी त्याहून वाईट, कारण ते बायोसाइड आहे आणि एरेशन टँकमधले जिवाणू मरतात. आधी वेगळ्या टाकीत ते निष्प्रभ करा. लोट्याचं प्रक्रिया केलेलं पाणी शेवटी दाभोळ खाडीत जातं आणि त्या खाडीवर मासेमारी चालते, हे पाणी सोडणाऱ्या शिफ्टला माहीत असलेलं बरं.

२०. थंडीत अ‍ॅसिडचा ड्रम गोठला. वाफेने वितळवू का?

नाही. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड १३-१४ अंशांना गोठतं, मेथाक्रिलिक १५-१६ ला. रत्नागिरी-अलिबागकडे अ‍ॅक्रिलिकला ही वेळ क्वचित येते, पण महाड-खेडच्या खोऱ्यात जानेवारीच्या पहाटे मेथाक्रिलिक गोठू शकतं, आणि चिलरवर ठेवलेली टाकी कुठेही. गोठताना स्फटिक शुद्ध होतात आणि इनहिबिटर उरलेल्या द्रवात ढकलला जातो. कडेने वाफ दिली तर आधी वितळतो तो इनहिबिटर नसलेला थर, आणि तोच सगळ्यात गरम असतो. ड्रम २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत ठेवा, अधूनमधून लोळवा, पूर्ण वितळल्याशिवाय एक लिटरही काढू नका. अर्धवट वितळलेल्या ड्रममधून काढलेल्या द्रवात बराचसा इनहिबिटर निघून जातो, उरलेला ड्रम उघडा पडतो.

२१. इनहिबिटर बरोबर, हवा बरोबर, तरी साठवलेलं अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड हळूहळू गरम होतं आणि जड घटक वाढतो.

तो डायमर. एक रेणू दुसऱ्याच्या दुहेरी बंधावर जोडला जातो, रॅडिकलचा संबंध नाही, म्हणून जगातला कुठलाही इनहिबिटर तो थांबवत नाही. वेग ठरतो तापमानावर आणि थोडाफार पाण्यावर. उष्णता कमी सुटते, पण मोठ्या टाकीत ती बाहेर पडायला वाट नसली तर साचते आणि मग पॉलिमरची वाट उघडते. २९ सप्टेंबर २०१२ ला जपानच्या हिमेजीमध्ये अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडची टाकी फुटली ती अशीच: वरच्या भागातला गरम द्रव नीट फिरत नव्हता, तिथे डायमरची उष्णता साचली. त्यात एका अग्निशामकाचा जीव गेला.

साठवण १५ ते २५ अंशांमध्ये, हेडस्पेसमध्ये हवा (नुसता नायट्रोजन नाही, कारण प्रश्न ५), आणि सर्क्युलेशनची रिटर्न लाइन अशी ठेवा की टाकी पूर्ण भरलेली असतानाही वरचा थर हलेल. तापमानाचा एकच सेन्सर तळाला असेल तर दुसरा वर बसवा. डायमर आठवड्याला एकदा जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) काढून तक्त्यात लिहा. रिअ‍ॅक्टरमधून आलेलं गरम अ‍ॅसिड टाकीत घालण्याआधी कूलरमधून काढा, टाकीत जाऊन गार होईल या भरवशावर सोडू नका.